बावन्न फेऱ्यांचं गाणं

सांगलीच्या विश्रामबागेत माझं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. मागच्या फळीवर वडिलांच्या वेळचे चार-पाच फोनोग्राफ आहेत. त्यामुळे एके काळी लोक जुन्या तबकड्या घेऊन माझ्याकडे यायचे. गाणं कुठलं, गायलंय कोणी, हे मी दोन ओळी ऐकून सांगायचो. 'नानासोंना विचारा' असं सांगलीभर म्हणत. आता कोणी विचारत नाही. कर्ण्यासमोर मोबाईल धरतात आणि तोच सांगतो. मला त्याचा राग येतो, आणि या वयात तो लपवत बसायची मला हौस नाही.

तर आकिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, पंधरा दिवसांवर आली असताना सोनिया नावाची मुलगी दुकानात आली. इथंच नर्सिंग शिकते. बरोबर तिची आजी, सुलाबाई. म्हसवडच्या बाजूच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या, ऐंशी ओलांडलेल्या. रिक्षातून त्यांनी घोंगड्यात गुंडाळलेला फोनोग्राफ उतरवून घेतला आणि स्टुलावर टेकायच्या आधीच मला सांगितलं,

"ह्यात माझा बाप हाय. हळू हात लावा."

सुलाबाई पाळण्यात असताना त्यांचे वडील, मल्हार, फौजेत गेले आणि मोठ्या लढाईतून परत आले नाहीत. घरात त्यांचा फोटो नाही, पत्र नाही. शेवटच्या रजेवर आले तेव्हा कुठून तरी हा फोनोग्राफ आणि एक तबकडी घेऊन आले होते, तेवढंच. तबकडीत तेच गायलेत, फौजेतल्या साहेबानं हौसेनं म्हणवून घेतलं होतं, असं सुलाबाईंची आई सांगायची. दर आकितीला पितरांना नैवेद्य दाखवून झाला की आई ती एकदा लावायची. मशीनला दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही. आई जाऊन तीस वर्षं झाली, तेव्हापासून सुलाबाई लावतात. पण तबकडी आता झिजली होती. ते गाणं फोननं ओळखलं आणि कुठं चांगली प्रत मिळाली तर पणजोबांचा आवाज कायमचा राहील, एवढीच सोनियाची इच्छा होती.

खरं सांगतो, माझा विश्वास बसला नाही. दर तिसरं घर म्हणतं, आमचे आजोबा तबकडीत गायलेत. शिवाय हिचं लेबल खरवडून काढलेलं होतं. झिजलेलं नव्हे, खरवडलेलं. मला तिथंच थांबायला हवं होतं. पण सवयीच्या माणसाला थांबता येत नाही.

चावी दिली, पिन ठेवली. खरखरीतून जाड, दमलेला पुरुषी आवाज आला. एकेक शब्द ओढत, जड पावलांनी चढ चढावा तसा. शब्द लागत नव्हते. सुलाबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. सोनियानं मोबाईल धरला. तो बराच वेळ चाचपडला आणि सापडत नाही म्हणाला. दुसऱ्यांदाही तेच. मला आतून बरं वाटलं, हे कबूल करतो.

तबकडी सुस्त फिरतेय हे मला केव्हाच कळलं होतं. कागदाची चिठ्ठी तबकडीखाली अडकवून घड्याळ लावलं आणि फेरे मोजले. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर हवेत. भरले बावन्न. वेगाचा खटका हलत नव्हता. गंजलाय, असं सुलाबाई म्हणाल्या. मी खोका उघडला.

गंज नव्हता. वेग सांभाळणारी आतली दांडी काळ्या लोकरीच्या धाग्यानं आवळून बांधली होती. सात-आठ वेढे आणि वर घट्ट गाठ. मी कात्री घेतली आणि धागा कापला. का बांधला असेल, असं एकदाही माझ्या मनात आलं नाही. दांडीवर तेलाचे दोन थेंब सोडले, खटका जागेवर आणला, फेरे अठ्ठ्याहत्तर केले आणि मोठ्या तोऱ्यात पिन ठेवली.

कर्ण्यातून बाई गायला लागली.

कोवळ्या गळ्याची, ठसक्यात गाणारी. लग्नातलं गाणं होतं, नवऱ्या मुलाची टिंगल करणारं. मोबाईलला दहा सेकंदसुद्धा लागले नाहीत. गाण्याचं नाव आलं, गाणाऱ्या बाईचं नाव आलं, वर तिचा फोटोही आला. सोनियानं ते वाचलं आणि फोन पालथा घातला. मी पिन उचलली. मला लाज वाटली. माझं बरोबर आलं होतं आणि त्या म्हातारीचा बाप माझ्या दुकानात दुसऱ्यांदा मेला होता.

सुलाबाई रडल्या नाहीत. काय झालं, असं त्यांनी शांतपणे विचारलं. आता खोटं बोलून भागणार नव्हतं. सगळं सांगितलं आणि धाग्याचे तुकडे त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेले नाहीत. अंगठा आणि बोटात धरून फिरवले, नुसते चाचपले.

"ह्यो पीळ उलटा हाय," त्या म्हणाल्या. "माझी आई डावरी व्हती. आमच्या वाडीत डाव्या हातानं लोकर कातणारी तीच येकटी."

मग हा धागा बांधला की बाईचा आवाज बाप्याचा होतो का, असं त्यांनी मला विचारलं. होतो, म्हणालो. त्या मान हलवत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता बोलल्या.

"सात वर्साची आसंन मी. पोरं मला बिनबापाची म्हणायची. यकदा लय रडले. आई काय बोलली न्हाई. त्या आकितीला तिनं पयल्यांदा ह्यो फोनो भायेर काढला."

सोनिया डोळे पुसत होती. मी उगाचच हत्यारं सारखी करत बसलो. एक अडाणी बाई, नवरा गेलेला, पोर रडतेय. त्या बाईनं खोका उघडला, कुठली दांडी आवळली की काय होतं ते एकटीनं शोधून काढलं, लेबल खरवडलं, आणि मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही. मी चाळीस वर्षं या यंत्रांत घालवली, पण असं काम माझ्या हातून झालेलं नाही.

"बांधा परत," सुलाबाई म्हणाल्या.

मी नवा दोरा काढला. तो त्यांनी बाजूला सारला. कापलेली टोकं थोडी उसवली, थुंकी लावून एकावर एक ठेवली आणि मांडीवर तळहातानं वळली. पीळ उलटाच दिला. त्यांचा हात उजवा, सवय नव्हती, दोनदा सुटला. तिसऱ्यांदा लोकर धरली. आत दिसत नव्हतं म्हणून सोनियानं मोबाईलचा उजेड दाखवला. वेढे सुलाबाईंनीच दिले, गाठही त्यांनीच मारली. माझं काम फक्त दांडी धरून ठेवायचं होतं.

पुन्हा पिन ठेवली. तोच जाड, दमलेला आवाज. मला आता सगळं माहीत होतं, तरीही त्यात बाई ऐकू येईना. माणूसच गात होता. सुलाबाईंनी पुन्हा पदर घेतला, हात जोडले आणि या वेळी मात्र त्या रडल्या. सोनियानं शेवटपर्यंत ते फोनमध्ये भरून घेतलं.

फोननं विचारलं, नाव काय द्यायचं. सोनियाचं बोट तसंच थांबलं. मग तिनं हळूच विचारलं, "आजी, मल्हार घालू?"

"न्हाई," सुलाबाई म्हणाल्या. "आईचं घाल. अंबूबाई. त्यो तिचाच आवाज हाय."