आईच्या आधी आलेली बाज

मित्रांनो, मी जामखेडजवळच्या खर्डा गावची एक जुनी बाज आहे. मला पलंग म्हणू नका, त्याचा मला राग येतो. माझे पाय बांधावरच्या बाभळीचे आणि अंग सुतळीचे. छबूबाईंच्या बाळंतपणासाठी त्यांचे मालक सहादेव यांनी मला स्वतःच्या हाताने विणले. माझ्याखाली शेगडी ठेवून छबूबाईंना शेक दिला, तेव्हा त्यांच्या कुशीत इवलासा हर्षल होता. हे सांगताना मला केवढा तोरा असे! आता तो उरला नाही.

सहादेव लवकर गेले. मायलेकरांना मीच राहिले. वीण सैल पडली की हर्षल चौकटीला पाय लावून माझी पायथ्याची दोरी ताणायचा आणि छबूबाई म्हणायच्या, "बास की आता, तुटंल ती."

हर्षल शिकला, नगरच्या एमआयडीसीत नोकरीला लागला, त्याचे लग्न झाले. मग नगरला राहायला घर बघायची वेळ आली. तो आणि त्याची बायको निकिता दोन ठिकाणे बघून आले आणि माझ्यावरच बसून बोलू लागले.

"सावेडीची जागा कंपनीला जवळ हाय," निकिता म्हणाली. "नळाला पानी हाय. दुसरा मजला हाय, एवढंच."

"मग आई कशी चढंल? जामखेड रोडची खोली तळाला हाय."

आमच्याकडची माणसे नगरला गेली की जामखेड रोडलाच घर बघतात. गावाकडची एसटी त्याच रस्त्याने जाते ना. नोकरी शहराच्या दुसऱ्या टोकाला असली तरी चालते, पण दारातला रस्ता आपल्या गावाचा हवा.

छबूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. मान वर न करताच त्या म्हणाल्या, "जामखेड रोडलाच घ्या. एसटीतून उतरलं की घर. माझी बाज बी आधी घेऊन जा. बाज गेली म्हंजी मी आलेच म्हना."

हर्षलचा चेहरा उजळला. निकिताने सावेडीचा विषय पुन्हा काढला नाही. टेम्पोत मला उताणी घातले, छबूबाई कोपऱ्यापर्यंत चालत आल्या, आणि मला वाटले, आठ-पंधरा दिवसांत या येतीलच.

नव्या खोलीत मला रस्त्याकडच्या खिडकीशी मांडले. हर्षल रोज अख्खे नगर ओलांडून कामाला जाई आणि धुळीने माखून परत येई. निकिता टँकरचे पाणी भरता भरता थकून जाई, पण माझ्यावर अंग टाकत नसे. "ती आत्यांची हाय," म्हणे. एसटी थांबली की दोघेही खिडकीतून बघत.

छबूबाईंचा फोन यायचा. ज्वारी काढायची हाय. शेळी व्यायला झालीया. पुढल्या महिन्यात नक्की येते. हर्षलला वाटे, आई येणारच आहे, मग आपण कशाला जायचे? रविवारी तो ओव्हरटाइम घेई. सणाला सकाळी जाई आणि दिवस मावळायच्या आत परत येई. होता होता माझ्यावर घडीचे कपडे आले, मग गव्हाचे पोते आले. उन्हाने माझी सुतळी विरत चालली, तिकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

एका हिवाळ्यात गावाकडून शेजारच्या गोरक्षनाथांचा फोन आला. छबूबाईंना खोकल्याने उठवत नव्हते. हर्षलने त्यांना गाडी करून आणले, दवाखान्यात ठेवले. छाती फार खराब झाली होती. डॉक्टरांनी शेवटी घरी न्यायला सांगितले.

अशा त्या आल्या, मित्रांनो. पोते उतरवून निकिताने मला पुसले. छबूबाई टेकल्या तशी माझी एक दोरी कटकन तुटली. किती हलक्या झाल्या होत्या त्या, आणि तेवढाही भार मला सोसला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

निकिता त्यांचे पाय दाबत होती. सहज विचारावे तसे तिने विचारले, "आत्या, बाज इकडं आल्यावर तिकडं तुमी कशावर झोपायच्या?"

"भुईवर. उन्हाळ्यात बरं वाटायचं."

हर्षल हातातला पेला धरून तसाच उभा राहिला. "आई, तुला यायचंच नव्हतं, मग हितं घर घ्यायला का लावलं?"

छबूबाई खिडकीतून रस्ता बघत होत्या. "मी यावं म्हनून न्हाई रं. तू यावंस म्हनून. दारातनं गाडी जाती, म्हनलं, बसंल एखांद्या रविवारी."

बाहेर गावाकडची एसटी थांबली आणि निघून गेली.

थोड्याच दिवसांनी, एका पहाटे, त्यांना माझ्यावरून खाली घेतले. शेवटच्या घटकेला माणसाला बाजेवर ठेवत नाहीत, भुईवर घेतात. त्या पुन्हा भुईवर गेल्या आणि मी रिकामी झाले.

चौदावा झाल्यावर हर्षलने नवी सुतळी आणली. तुटलेल्या जागी गाठ मारली, चौकटीला पाय लावून दोरी ताणू लागला. ताणतच राहिला. बास कर म्हणणारे कोणी नव्हते, शेवटी निकिताने त्याचे हात धरले.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपा, हे तर मी सांगेनच. पण घर बदलताना आई कधी म्हणाली, माझी बाज घेऊन जा, तर लगेच टेम्पो बोलावू नका. आधी तिच्याजवळ बसा आणि विचारा, "मग तू कशावर झोपशील?"