झेरॉक्सचा उजवा पाय

बूट-मोजे काढून झेरॉक्स भिंतीपासून दारापर्यंत चालत गेली, वळली आणि परत आली. फिजिओ मॅडम स्टुलावर बसून तिच्या पावलांकडे बघत होत्या.

"पुन्हा."

ती पुन्हा चालली. फरशी गार होती.

"लंगडतेस."

"नाही मॅडम."

"मी विचारलं नाही, सांगितलं. झोप इथे."

सकाळच्या सरावात सरांनीच तिला पकडलं होतं. पाय का ओढतेस गं, म्हणत कोर्टाबाहेर काढलं आणि थेट इकडे पाठवलं. आता मॅडमनी तिचा गुडघा दाबला, वाकवला, पिळला. एका पायावर उभं केलं, बसवलं, उठवलं. घोटा पाहिला, मांडी पाहिली. गुडघा लोण्यात फिरावा तसा फिरत होता. मॅडम कपाळाला आठ्या घालून तिच्याकडे बघत राहिल्या, जणू तिने कसलीतरी लबाडी केली होती.

*

तिचं कामच लबाडीचं होतं म्हणा. बॅडमिंटन महासंघाच्या पहिल्या यादीत मोजक्याच खेळाडू. त्यांना प्रशिक्षक, परदेशचे दौरे, फिजिओ, पोटभर चांगलं अन्न, आणि प्रत्येकीला सरावाची एक जोडीदार. झेरॉक्स ही थोरलीची जोडीदार. थोरली म्हणजे देशाची पहिल्या क्रमांकाची बॅडमिंटनपटू. वयाने आणि मानाने सगळ्यांत मोठी, म्हणून थोरली. तिला दर मोठ्या स्पर्धेत एकच परदेशी बाई हरवायची. ती बाई डावखुरी. झेरॉक्सही डावखुरी. मग ठरलं, की झेरॉक्सने ती बाई व्हायचं.

आणि ती झाली. सर्व्हिस तशीच, स्मॅशच्या आधीचा आखडलेला खांदा तसाच. इतकंच काय, पॉइंट जिंकल्यावर फुंकर मारून कपाळावरची बट उडवणंसुद्धा. एकदा थोरलीने वैतागून घामाचा टॉवेल तिच्या तोंडावर फेकला होता.

"ती बट तरी उडवू नकोस गं! रक्त आटतं माझं!"

झेरॉक्सचा तरी काय दोष? तिला लहानपणापासून माणसं लागायची, एखाद्याला सर्दी लागावी तशी. मावशीकडे चार दिवस राहून आली की नाकातून बोलायची. त्यापायी आईचे धपाटे खाल्ले होते.

*

"तू डावखुरी ना?" मॅडमनी विचारलं.

"हो."

"पुढचं शटल उचलायला कुठला पाय टाकतेस?"

"डावा."

"म्हणजे सगळा भार डाव्यावर. झिजायचा तर डावा गुडघा झिजेल. आणि तू ओढतेस उजवा. तोही ठणठणीत असताना."

झेरॉक्सने खाली आपल्या पायाकडे पाहिलं. कुणीतरी विसरून गेलेली वस्तू असावी तसा तो तिथे होता. आपण लंगडतो हे तिला आज सकाळपर्यंत खरंच ठाऊक नव्हतं.

मॅडम स्टुलावरून उठल्या. खिडकीशी गेल्या. पाठमोऱ्याच बोलल्या.

"थोरली आणि तू एकाच खोलीत राहता ना?"

झेरॉक्स मोजे चढवू लागली.

"आणि ती उजव्या हाताने खेळते."

*

रात्री थोरलीच्या गुडघ्यासाठी बादलीतला बर्फ. दाराला आतून कडी. जिना उतरताना कठडा धरण्याआधी इकडे-तिकडे बघून घेणं. कोर्टवर जाण्याआधी पँटच्या आत घट्ट पट्टी, ती बांधताना दातात धरलेली रुमालाची घडी. आणि थोरलीने घातलेली शपथ: कुणाला बोलायचं नाही, माझ्याजवळसुद्धा विषय काढायचा नाही. उद्या महासंघाची माणसं येणार होती. यादी नव्याने लागणार होती. थोरलीच्या आधी या खोलीत राहणाऱ्या ताईचा खांदा गेला, तेव्हा आठवड्याच्या आत तिची बॅग फाटकाबाहेर होती. थोरलीने ती स्वतः उचलून दिली होती. आणि थोरलीची बॅग गेली की झेरॉक्सची काय इथे पूजा होणार होती?

*

"ऐक," मॅडम म्हणाल्या. "दुखणं लपवलं आणि तपासणीत सापडलं, तर नाव कटलं. पण आपण होऊन येऊन सांगितलं, तर उपचार महासंघाकडून आणि बरी होईपर्यंत जागा राखीव. नवा नियम आहे. फलकावर लावलाय, पण तुम्ही पोरी त्या फलकावर ओले टॉवेल वाळत घालता."

"पण आधीच्या ताईंना तर..."

"तिच्यानंतरच झाला नियम. मी भांडून करून घेतलाय." मॅडम परत स्टुलावर बसल्या. "मी आज काही पाहिलेलं नाही. उद्या सगळ्यांची तपासणी मलाच करायचीय. उद्या मी पाहीन. दुपारभर इथेच आहे."

*

मैदान ओलांडताना तिला वाटत होतं की सांगितलं तर शपथ मोडते आणि नाही सांगितलं तर थोरली मोडते आणि सांगितलं तरी तिला वाटणार मीच चुगली केली आणि चुगली तर केलीच ना, तोंडाने नाही तर पायाने.

*

"मॅडमना कळलंय."

थोरली पलंगावर पडली होती, गुडघ्याखाली उशी. ती ताडकन उठून बसायला गेली आणि कळ आल्यामुळे तशीच अर्धी थांबली.

"तू बोललीस."

"एक अक्षर नाही काढलं तोंडातून."

"मग काय, स्वप्न पडलं त्यांना?"

झेरॉक्स दारापासून खिडकीपर्यंत चालत गेली.

थोरली बघत राहिली. तिच्या भुवया चढल्या.

"महासंघाने तुला त्या बाईची नक्कल करायला ठेवलंय. माझी नाही."

"मी करत नाहीये ताई. होतंय."

"पुन्हा चाल."

ती चालली. टाच टेकताना अंग किंचित डावीकडे कलत होतं, उजवं पाऊल तापल्या तव्यावर ठेवावं तसं पडत होतं आणि लगेच उचललं जात होतं. थोरलीचा हात नकळत स्वतःच्या गुडघ्यावर गेला.

"इतकं?"

"कोर्टवर पट्टी असते. खोलीत याहून जास्त."

"आणि तू गप्प बसलीस!"

"शपथ कुणी घातली होती?"

थोरलीने चेहरा ओंजळीत घेतला. तिचे खांदे हलायला लागले. रडतेय असं वाटून झेरॉक्स जवळ गेली, तर ती हसत होती. मग खरंच रडायला लागली. मग दोन्ही एकदम.

झेरॉक्सने नियम सांगितला.

"गोड बोलून काढून घेतात सगळं," थोरली नाक पुसत म्हणाली. "उद्या हेच तपासणीचे कागद दाखवून काढून टाकतील."

"उद्या तसंही कळणारच आहे."

खाली कुणीतरी दोरीच्या उड्या मारत होतं. दोरी फरशीवर सटासट आपटत होती.

"मी महिनोन्महिने पडून राहिले तर तू कुणासमोर खेळणार? त्याला कुठला नियम आहे?"

"विचारलं नाही मी."

"का?"

"सुचलं नाही." झेरॉक्स ओशाळली. "तोवर माझी मी खेळेन."

"येतं का तुला?"

"कुणास ठाऊक."

थोरलीने हात पुढे केला. झेरॉक्सने तिला ओढून उभं केलं. या खेपेला जिना उतरताना थोरलीने कठडा धरला, आणि आधी इकडे-तिकडे पाहिलं नाही.

*

मॅडमच्या खोलीबाहेरच्या बाकावर झेरॉक्स ताटकळत बसली. आतून आधी काहीच ऐकू येईना. मग मॅडमचा चढलेला आवाज: "कधीपासून?" मग एकदा थोरलीचं "आई गं!", अगदी मोकळ्या गळ्याने. एवढ्या महिन्यांत ती पहिल्यांदाच ओरडली होती.

दार उघडलं. मॅडम दमलेल्या दिसत होत्या.

"आपण होऊन आली. तसं मी सरांना आणि महासंघाला आत्ताच कळवलंय. जागा कुठे जात नाही. कापाकापी लागते की नाही ते डॉक्टर बघतील." मग झेरॉक्सकडे वळून, "तुझं सरांशी बोलले. दुसऱ्या कोर्टवर एक जोडीदार कमी आहे. आणि पाय नीट टाक, नाहीतर तुलाही भरती करीन."

झेरॉक्सने मान हलवली. तिचा जीव भांड्यात पडला.

थोरली एका हाताने भिंत धरत बाहेर आली आणि तिच्या शेजारी टेकली. गुडघ्यावर बर्फाची पिशवी, सगळ्यांना दिसेल अशी बांधलेली. तिने उजवा पाय उचलून सरळ झेरॉक्सच्या मांडीवर ठेवला आणि फोन लावला.

"आई, हो, जेवले. ऐक ना. माझा गुडघा दुखतोय गं. नाही, खूप दुखतोय. अगं, खूप म्हणजे खूप!"

एखादं बक्षीस मिळाल्याचं सांगावं तसं ती सांगत होती.

मधल्या दारातून सर येताना दिसले, बरोबर सराव आटोपलेल्या मुलींचा सगळा घोळका. झेरॉक्स सवयीने पाय झाकायला टॉवेल शोधू लागली. थोरलीने तिचा हात बाजूला केला आणि पाय होता तिथेच ठेवला.