नॉर्वेचा धर्मपिता

तिसऱ्या दिवशी सकाळी सायकलवर टांग टाकताना मानूसोसने ठरवलं, की आज आपण परदेशी व्हायचं.

त्यासाठी फारसं काही करायचं नव्हतं. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर काळा चष्मा आणि मांड्यांना चिकटलेली ती आखूड चड्डी होतीच. अशा वेशात ग्रीसच्या क्रीट बेटावरचे डोंगर सायकलवर चढणारा माणूस इथलाच असेल, अशी शंकासुद्धा कुणाला येत नाही. इथल्या माणसाला चढ दिसला, की तो गाडीत बसतो.

मानूसोसला मात्र गाडीत बसायची सोय नव्हती. त्याने नवस केला होता. आठ महिन्यांपूर्वी त्याचा जिवलग मित्र स्त्रातिस याच्या बायकोला दिवस भरायच्या आतच मुलगा झाला. दीड किलोचा. हान्या शहरातल्या हॉस्पिटलात काचेच्या पेटीतलं ते पोर बघून मानूसोसला राहवेना. एरवी हा ईस्टरलाही चर्चच्या बाहेर उभा राहून गप्पा मारणारा माणूस, पण तिथल्या तिथे बोलून गेला, "हा जगला तर याचा धर्मपिता मी. आणि बाप्तिस्म्याला हान्याहून तुझ्या गावापर्यंत डोंगर ओलांडून माझ्या पायांनी येईन."

पोर जगलं. नुसतं जगलं नाही, चांगलं माजलं. आज रविवारी संध्याकाळी पाच वाजता आमिग्दाली गावच्या चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा होता. त्यासाठी लागणारं तेल, पांढरा सदरा आणि सोन्याचा क्रूस मानूसोसच्या सायकलला मागे लावलेल्या पिशवीत होता.

"पाचचे सव्वापाच झाले ना," स्त्रातिसने सकाळीच फोनवर बजावलं होतं, "तर सासूबाई माझ्या मेहुण्याला धर्मपिता म्हणून उभं करतील. पाद्रीबुवांना सहाला दुसऱ्या गावात लग्न लावायचंय, ते थांबणार नाहीत. मेहुणा कालपासून नवा सूट घालून घरभर फिरतोय."

"सांग त्याला, घडी मोडू नकोस म्हणावं. परत द्यायचाय."

जीभ चालत होती, पण मानूसोसचं लक्ष घड्याळाकडे होतं. कारण पहिले दोन दिवस राकीत, म्हणजे इथल्या घरगुती दारूत, गेले होते. गावात पाण्यासाठी थांबलं, की कॉफीच्या दुकानातून हमखास प्रश्न यायचा, "कोणाचा रे तू?" बापाचं नाव सांगितलं, की कुणीतरी बापाबरोबर शेळ्या चारलेल्या असायच्या. मग राकीचा ग्लास. तो संपायच्या आत पलीकडच्या टेबलावरून दुसरा. आपल्या माणसाने नाही म्हणायचं नसतं. नाही म्हणणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर दार आपटणं. दोन दिवसांत सहा गावं झाली आणि मानूसोस तीस किलोमीटर मागे पडला.

परदेशी पाहुण्याला मात्र सगळं माफ. तो छातीवर हात ठेवून ‘नो, थँक यू’ म्हणतो, लोक हळहळतात आणि त्याला जाऊ देतात.

युक्ती लागू पडली. सकाळची दोन गावं मानूसोसने ‘हेलो’ म्हणत अशी मागे टाकली, की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. पुढे फाट्यावर एक पिवळी पाटी होती, पण छर्‍यांनी तिची पार चाळणी झाली होती. या भागात आनंद झाला तरी पाटीवर बार काढतात आणि कंटाळा आला तरी. एक अक्षर धड उरलं नव्हतं. असेल काहीतरी, म्हणत मानूसोस चढाला लागला. दीड तास नुसते पांढरे दगड, वाळलेल्या रानओव्याचा वास आणि त्याच्याकडे तुच्छतेने बघणाऱ्या शेळ्या. कुणी ऐकणार नाही म्हणून त्याने बेसूर गाऊनही घेतलं. मजेत होता गडी.

दुपारी दीड वाजता तो खिंडीतल्या आनोपेत्रा गावात पोचला. इथून आमिग्दालीपर्यंत सगळा उतार. तुतीच्या झाडाखाली कॉफीचं दुकान होतं आणि दुकान चालवणारं म्हातारं जोडपं, हारिदिमोस आणि एवान्थिया, रानभाजी निवडत बसलं होतं.

"हेलो. वॉटर, प्लीज," मानूसोस म्हणाला.

एवान्थियाने पाणी आणलं. हारिदिमोसने न विचारता राकी आणि चीजची बशी पुढे सरकवली.

मानूसोसने छातीवर हात ठेवला. "नो, थँक यू."

"नको म्हणतोय," म्हातारा आपल्या भाषेत म्हणाला. "पोट नाजूक असतं यांचं."

"पोटाचं सोडा, पाय बघा. कसे गुळगुळीत! माझे लग्नात नव्हते एवढे."

"माझ्या लक्षात आहे," म्हातारा म्हणाला. मग मानूसोस बहिरा असल्यासारखा ओरडला, "तू! देश! कुठला?"

"नॉर्वे."

"नॉर्वे कुठे आलं हो?" एवान्थियाने विचारलं.

"वर. बर्फात."

"मग ही मिशी कुठून आली याला? अगदी आपल्याकडची दिसते." ती भाजीची काडी मोडत म्हणाली, "याची आई एखाद्या उन्हाळ्यात इकडे फिरायला आली असेल बाई."

दोघं पोट धरून हसली. मानूसोसच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याची आई हान्यात घरी बसून त्याच्यासाठी मेणबत्ती लावत होती. पण नॉर्वेच्या माणसाला काय कळणार? तोही हसला.

"बिचारा आमिग्दालीकडे निघालेला दिसतोय," म्हातारा म्हणाला. "काल दरड कोसळून रस्ताच गेलाय, हे याला सांगायचं कसं?"

"खाली नवीन पाटी लावलीय की."

"ती तुझ्या भावाने काल संध्याकाळीच उडवली."

"नवीकोरी होती ना. राहवलं नसेल त्याला."

मानूसोसने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. म्हातारा उभा राहून दोन्ही हातांनी डोंगर करून दाखवू लागला, "वरून! दगड! धडाम! रोड, नो!" आणि मानूसोस वेड्यासारखी मान हलवत राहिला. मागे फिरून वळसा घालायचा तर पंचावन्न किलोमीटर. मेहुण्याचा सूट त्याच्या डोळ्यांपुढे नाचायला लागला.

"शेळ्यांची वाट आहे की," एवान्थिया म्हणाली. "दगडातून थेट खाली उतरते. पण कुठल्या कुंपणाशी वळायचं हे याला कुठल्या भाषेत सांगणार?"

"जाऊ दे परत. याला कुठे वेळेवर पोचायचंय?"

आता गप्प राहिलं तर पोर हातचं जातं आणि बोललं तर तोंड दाखवायला जागा राहत नाही. मानूसोसने चष्मा काढला.

"काका," तो अस्सल डोंगरी बोलीत म्हणाला, "कुठलं कुंपण?"

एवान्थियाच्या हातातली भाजी खाली पडली. हारिदिमोसने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कोणाचा रे तू?"

मानूसोसने सगळं सांगितलं. बापाचं नाव, काचेची पेटी, नवस, राकी, मेहुणा.

"अगं बाई! मी तुझ्या आईला..." एवान्थियाने तोंडावर हात ठेवला.

"तुम्ही बोललात, मी खोटं बोललो. फिट्टंफाट, काकू."

"तुमचं फिटलं असेल, माझं नाही," हारिदिमोस म्हणाला. त्याच्या आवाजात आता हसू नव्हतं. "माझ्या दारात येऊन माझा ग्लास परत केलास. परक्याने केला तर आम्ही विसरतो. तू परका आहेस का?"

मानूसोसने मान खाली घातली. त्याला खरंच लाज वाटली. घाईत आपण नुसती राकी नाही, माणसंही टाळली होती. "नाही, काका. चुकलं."

म्हाताऱ्याने तीन ग्लास भरले. एक बापाच्या नावाने, एक पोराच्या, आणि तिसरा नॉर्वेच्या. तिन्ही पोटात गेल्यावरच तो काठी घेऊन उठला.

"किती लांब आहे?"

"तीन सिगारेटी. पण डॉक्टरांनी माझ्या बंद केल्यापासून वाट लांबली आहे."

वाट कसली, दगडांवरून दगडांवर उतरायचं. सायकल चालवायची सोयच नव्हती, ती खांद्यावर घ्यावी लागली. मानूसोस दोनदा पडला. तिसऱ्यांदा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याने सायकल त्याच्या खांद्यावरून काढून आपल्या खांद्यावर टाकली.

"काका, माझा नवस आहे."

"तुझ्या पायांचा आहे ना? पाय तूच वापर. सायकलने कुठे नवस केलाय!"

पाचला दहा कमी असताना, गुडघे फुटलेला मानूसोस आमिग्दालीच्या चर्चच्या अंगणात शिरला. सगळं गाव जमलं होतं.

"हेलो!" गाव एका सुरात ओरडलं. "वेलकम, मिस्टर!"

एवान्थियाचा फोन दरडीवरूनही पोचला होता. स्त्रातिसची सासू पाण्याचा ग्लास घेऊन पुढे आली. "वॉटर, प्लीज?" मागे मेहुणा खिन्नपणे टाय सैल करत होता. स्त्रातिसने मानूसोसला मिठी मारली आणि पोर त्याच्या हातात दिलं. मिरोन नाव ठेवायचं होतं त्याचं, स्त्रातिसच्या वडिलांचं. आठ किलो भरलं होतं बेटं. आल्या आल्या त्याने मानूसोसची मिशी मुठीत पकडली.

चर्चच्या दारात पाद्रीबुवांनी पुस्तक उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"थांबा. धर्मपिता नॉर्वेचा आहे, असं कळलंय. ‘मी मानतो एका देवाला’ ही प्रार्थना धर्मपित्याने म्हणायची असते, आणि ती आपल्या भाषेत. येते का याला?"

सगळे खदखदून हसले. मानूसोसने तोंड उघडलं आणि पोराकडे बघितलं. काचेतून बघितलेला पोराचा तो हात, त्याच्या बोटाच्या पेराएवढा, आता त्याची मिशी सोडत नव्हता. त्याला एकदम रडू आलं. आसवं पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तशाच भिजल्या गालांनी त्याने सुरुवात केली. पहिली ओळ कापली, दुसरी सावरली. मग एकही शब्द न चुकता तो शेवटपर्यंत मोठ्याने म्हणत गेला. आता कुणीच हसत नव्हतं.

प्रार्थना संपली. मागे फाटकाशी, खांद्यावरची सायकल अजून न उतरवता, धुळीने माखलेला हारिदिमोस उभा होता.

"नॉर्वेचा असून बरं बोलतो की," तो म्हणाला.