कण्हेरीमागची खुर्ची

सव्वीस वर्षं मी या घरात नांदतेय आणि मला कानडी येत नाही, असं सगळे समजतात. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाई आणि त्यांचा मुलगा शिवयोगी, म्हणजे माझा नवरा, माझ्यासमोर बसून माझ्याबद्दल कानडीत बोलले आणि हसले. तेव्हाच मी ठरवलं, ही भाषा तोंडात घ्यायची नाही. माझं माहेर बार्शीचं, सासूबाई कर्नाटकाच्या सीमेवरच्या दुधनीच्या. मराठी फाडफाड बोलतात, पण टोमणा मारायचा तर कानडीतच.

व्हरांड्याच्या उजव्या अंगाला कण्हेरीची सात झाडं आहेत. मीच लावली. सहा वर्षांत ती छपराला टेकली, फांद्या ग्रिलमधून आत घुसल्या, पानांनी गटार तुंबलं. छाटायला हवी होती, पण थोडीच. त्या झाडांच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीला लागून, माझी प्लास्टिकची खुर्ची आहे. संध्याकाळी अर्धा तास मी तिथं चहा घेऊन बसते. व्हरांड्यातल्या सासूबाईंच्या कॉटवरून ती दिसत नाही. या घरात मला कुणी बघत नाही अशी तेवढीच जागा. न्हाणीचं दारसुद्धा सासूबाई वाजवतात.

त्यांचं रोजचं पालुपद ठरलेलं. "काय जंगल करून ठेवलंय. वारं येत न्हाय हितं."

रविवारी मडिवाळप्पा माळी आला. तोही दुधनीकडचाच. मी फांदीला हात लावून त्याला दाखवलं. "वरचं दोन हात काढा आणि आतल्या वाळक्या काड्या. बुंध्याला हात लावायचा नाही."

"व्हय अक्का," तो म्हणाला.

दळण आणायला मी गिरणीत गेले. जेमतेम अर्धा तास. परत आले तर सातही झाडं गुडघ्याएवढी. बुंध्यांतून पांढरा चीक गळत होता, कळ्यांनी भरलेल्या फांद्यांचा ढीग अंगणात पडला होता आणि माझी खुर्ची उघडी पडली होती, सगळ्या गल्लीला दिसेल अशी. माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

मडिवाळप्पा कोयता पुसत राहिला. "अम्मा कॉटवरनं वरडल्या, कडी, कडी. आमच्यात कडी म्हंजे तोड. पावसात फुटंल की, अक्का."

सासूबाई शांतपणे सुपारी कातरत होत्या. "मी फाटकाची कडी म्हणाले. शेळी आत शिरत हुती. ह्याला कडी लाव म्हणाले."

"शेळी कण्हेरीला तोंड लावत नाही, आत्याबाई. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे."

"मग तुळस खाल्ली असती."

"आणि दुधनीच्या माणसाशी तुम्ही मराठीत बोललात? तुम्ही? फाटकाच्या कडीला कानडीत चिलका म्हणतात. चिलका म्हणायचं होतं."

अडकित्ता थांबला. मडिवाळप्पानं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि फांद्या ओढत तो फाटकाबाहेर गेला.

"म्हंजे तुला येतंय की कानडी," सासूबाई म्हणाल्या.

"सव्वीस वर्षं कान उघडे आहेत माझे. सगळं कळतं."

मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फारच बरं वाटलं. एकदाचं त्यांच्या तोंडावर फेकलं होतं.

"व्हय, म्हणालेच मी कडी. तोडच म्हणाले," त्या म्हणाल्या. "चैत्रात मी न्हाणीत पडले. बारव्वा, बारव्वा म्हणून तीनदा हाक मारली. तू ह्या झाडामागं हुतीस. खुर्ची सरकल्याली ऐकली मी. शिवयोगीला तू सांगितलंस, गच्चीवर हुते, ऐकू आलं न्हाय. मी काय बोलले न्हाय. म्हटलं, हिला कानडी कळत न्हाय, बारव्वा म्हंजे ये गं, हे हिला काय ठावं. आज कळलं, तुला सगळं ठावं हुतं."

पहिलीच हाक मला ऐकू आली होती. घाबरी हाक होती. मी खुर्ची भिंतीकडे वळवली आणि मनात म्हटलं, ओरडू दे थोडा वेळ.

"आता बस की तितं," सासूबाई म्हणाल्या आणि सुपारी कातरायला लागल्या. "दिसशील मला."