दोन घरांची दुलई

सोदाम ही मुलगी या घरात वाढत होती, तेव्हाची रोजची सकाळ अशी. सर्वांत आधी योंगसिम उठते. ती सरकते दार हातभर उघडते, तेव्हा सोमजिन नदीवरचे धुके अंगणात सोयाबीन आंबवायला ठेवलेल्या रांजणांच्या गळ्यापर्यंत चढलेले असते. स्वयंपाकघरात भाताचा कुकर वाफ सोडतो. तिचा नवरा दोंगसिक खोकतो आणि पेल्यात ठेवलेली कवळी चाचपडत शोधतो. पलीकडच्या खोलीत सोदाम माझ्याखालून हळूच बाहेर येते. रात्रभर खालून तापत राहिलेली जमीन आता कोमट झालेली असते. सोदाम गुडघ्यांवर बसून मला दुमडते, टोकाला टोक जुळवते, तळहाताने सुरकुत्या मोडते आणि कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवते. कपाटाचे दार लागते. मग त्या अंधारात मी तिने रात्री पाहिलेली स्वप्ने दिवसभर सावकाश आठवत पडून राहते.

मित्रांनो, मी एक जुनी कापसाची दुलई आहे. माणसाची ऊब कापसात झिरपते, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण उबेबरोबर त्याची स्वप्नेही झिरपतात, हे मात्र दुलईखेरीज कोणाला कळत नाही.

माझा कापूस योंगसिमच्या आईने आपल्या परसात पिकवला. पिंजाऱ्याने तो धनुकलीवर पिंजला, तेव्हा म्हणे साऱ्या अंगणात पांढरे ढग उतरल्यासारखे दिसत होते. लाल आणि हिरव्या रेशमात तो भरून मला लेकीच्या लग्नात दिले गेले. गुर्ये गावातल्या बायका मला दोन्ही हातांनी उचलून पाहत आणि म्हणत, "माहेर भक्कम दिसतंय हं." माझे वजन हीच तेव्हा माझी प्रतिष्ठा होती. माझ्याखाली दोंगसिकला नेहमी नदीचे स्वप्न पडे. त्यात मासे पाण्याबाहेर येऊन त्याच्या नावेत शेजाऱ्यांसारखे बसत. योंगसिमच्या स्वप्नात कापसाचे एक शेत असे. त्यात कोणीतरी लहान लपलेले असे, पण ते तिला कधी सापडत नसे.

पुढे विजेने तापणाऱ्या गाद्या आल्या. पिसासारखी हलकी पांघरुणे आली. माझे वजन आता गैरसोय ठरले आणि मी डांबराच्या गोळ्यांसह कपाटाच्या तळाशी गेले. तेथे कितीतरी हिवाळे मी कोणाचेच स्वप्न पाहिले नाही. कापूस असा न वापरता पडून राहिला, की त्याच्या गाठी होतात.

योंगसिम आणि दोंगसिक यांना मूल झाले नाही. पुष्कळ विचार करून त्यांनी एखाद्या मुलाचा सांभाळ करण्यासाठी आपले नाव दिले, आणि एका हिवाळ्यात बालगृहातून नऊ वर्षांची सोदाम आली. ती सज्ञान होऊन, शिकून तयार होईपर्यंत याच घरी राहील, असे ठरले होते. पहिल्या रात्री हलक्या पांघरुणात तिला झोप लागेना. योंगसिमने मला बाहेर काढले आणि तिच्या अंगावर घातले.

"जड आहे," सोदाम म्हणाली. "माझ्यावर कुणीतरी बसलंय असं वाटतं."

"काढू का मग?"

तिने मला डोक्यावरून ओढून घेतले. मग माझ्या आतून आवाज आला, "राहू दे."

त्या रात्री तिला एका दाराचे स्वप्न पडले. मोकळ्या माळावर नुसते दार उभे होते. त्याच्यामागे घर नव्हते.

काही दिवसांनी तिने माझ्याखाली झोपेत अंथरूण ओले केले. सकाळी तिने मला अंगाभोवती गुंडाळून धरले आणि ती उठेचना. दोंगसिकला ते कळले आणि तो हसला. आमच्या मुलखात मुलाने असे अंथरूण ओले केले, की त्याच्या डोक्यावर सूप घालायचे आणि त्याला शेजारी मीठ मागायला पाठवायचे, ही रीत आहे. ती त्याच्यावर झाली होती, त्याच्या बापावर झाली होती. शेजारीण मीठ देते, सुपावर एक टपली मारते, आणि सगळी गल्ली हसते. घरच्या पोराचेच हे लाड असतात. त्याने सोदामच्या डोक्यावर सूप ठेवले, हातात वाटी दिली आणि प्रेमाने म्हटले, "जा, नामवॉनच्या आजीकडून मीठ घेऊन ये."

पण बालगृहात सूप नव्हते आणि शेजारही नव्हता. ही रीत तिला कोणी सांगितलीच नव्हती.

बराच वेळ झाला तरी ती परतेना, म्हणून योंगसिम बघायला गेली. नामवॉनची आजी म्हणजे पलीकडच्या घरची, नामवॉनहून लग्न होऊन आलेली म्हातारी. तिच्या फाटकाशी सोदाम उभी होती. डोक्यावर सूप, एका हातात वाटी, आणि दुसऱ्या हातात ती ज्या पिशवीसह या घरी आली होती ती पिशवी. तिने आपले सगळे कपडे त्यात भरून आणले होते.

"अगं, ही आजपासून माझ्याकडे राहायला आली की काय?" आजी विचारत होती. "मीठ मागते आणि विचारते, झोपायचं कुठे?"

योंगसिमने सूप काढून स्वतःच्या डोक्यावर घातले आणि मुलीचा हात धरून ती घरी आली. दोंगसिक त्या दिवशी जेवला नाही. मला तिघांनी मिळून उन्हात टांगले.

मित्रांनो, त्यानंतरची वर्षे सुखाची होती. सोदाम मोठी झाली. कृत्रिम दात आणि कवळ्या घडवण्याचे शिक्षण तिने घेतले. सरावासाठी केलेली दातांची मेणाची पंगत ती खिडकीत मांडून ठेवी. "रात्री तुझ्या खोलीत कोण हसतं, ते आज कळलं," असे दोंगसिक म्हणे. "तुमचीच कवळी नीट बसली असती तर तुम्हीही हसला असता, काका," असे ती उत्तर देई. तिच्या स्वप्नातल्या दारामागे एकदा भिंत दिसली, मग चूल, मग चुलीपाशी पाठमोरे कोणीतरी. पण ती योंगसिमला 'मावशी' म्हणे आणि नेहमी 'तुम्ही' म्हणूनच बोले.

मग शिक्षण संपले. सांभाळाची ठरलेली मुदतही संपली. ग्वांगजू शहरात तिला कवळ्या घडवणाऱ्या एका कारखान्यात काम मिळाले आणि भाड्याची खोलीही मिळाली. दोंगसिक बाजारात जाऊन तिच्यासाठी एक नवी, हलकी, फिकट निळी दुलई घेऊन आला. त्याच्या मनात आले, खोली लहान आहे, तिला घड्या घालायला सोपी जाईल. सोदामने ती दोन्ही हातांनी घेतली आणि कितीतरी वेळ तिच्या पिशवीचे बंद सोडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिने माझी पांढरी खोळ उसवली. ती उकळली, तांदळाची खळ दिली, सुरकुत्या मोडाव्यात म्हणून अर्धवट ओली असताना घडी करून पायांनी तुडवली आणि लांब सुईने टाके घालून माझ्यावर पुन्हा शिवली. इतके एकसारखे टाके मला लग्नाच्या वेळीही पडले नव्हते. मग तिने मला योंगसिमसमोर आणून ठेवले.

"मावशी, ही तुमची दुलई. कुठेही डाग राहिलेला नाही. बघून घ्या."

"बघून काय घ्यायचं त्यात?"

"इतकी वर्षं वापरायला दिलीत. परत देताना नीट द्यायला हवी."

योंगसिमने टाक्यांवरून बोट फिरवले.

"छुसॉकच्या सुगीच्या सणाला गाड्यांना फार गर्दी असते," सोदाम पुढे म्हणाली. "सणाला घरची माणसं येतात. मी काही येणार नाही. माझी काळजी करू नका. काका, तुम्ही दोघं जरा शेजारी बसा. मला वाकून निरोपाचा नमस्कार करायचाय."

दोंगसिक मांडी घालून बसला. योंगसिम मात्र उठली.

"चुलीवर कालवण आहे," ती म्हणाली.

"गॅस बंद केलाय मी," दोंगसिक म्हणाला.

"मग लावते." आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. सोदाम कपाळाशी जुळवलेले हात तसेच धरून उभी राहिली. ज्यांना नमस्कार करायचा, त्यांतल्या एकीचे आसन रिकामे होते.

योंगसिम परतली ती कात्री घेऊन. ती माझ्यापाशी बसली आणि तिने ते सुंदर टाके एकेक करून कापायला सुरुवात केली.

"मावशी, मी आत्ताच शिवलंय ते."

"म्हणूनच कापतेय. उसनं आणलेलं भांडं घासून परत करतात, तशी दुलई माझ्या हातात देतेस. चल, चप्पल घाल."

नदीपलीकडे यू नावाच्या पिंजाऱ्याचे दुकान आहे. धनुकली आता भिंतीवर टांगलेली आहे; काम यंत्र करते. त्याने मला तागडीवर टाकले आणि भुवया उंचावल्या.

"लग्नातली ना? असली वजनं आता कुणाला झेपत नाहीत. सगळे आणतात आणि एकीच्या दोन करून नेतात. तुम्हालाही तेच करायचंय?"

"दोन करा."

"एक मोठी करतो, तुम्हा दोघांची. उरलेल्यात पोरीची एक लहान होईल."

"नको. दोन्ही हिच्या मापाच्या करा."

पिंजाऱ्याने चष्म्यावरून पाहिले. "आणि तुम्हाला?"

"आम्हाला विजेची गादी आहे. ह्यांना कापसाखाली घाम फुटतो."

"मावशी, मला एक पुरे," सोदाम म्हणाली. "आणि निळी आहेच."

"एक तिकडे ने. एक इथे तुझ्या खोलीत राहील. येशील तेव्हा काय ग्वांगजूहून दुलई पाठीवर बांधून आणणार आहेस?"

"मी येईन असं कुठे म्हणाले?"

"नाही म्हणालीस. म्हणून तर इथे आले ना."

यंत्राचा पट्टा सुरू होता, त्यामुळे पुढचे शब्द कोणाला नीट ऐकू आले नसतील. मला आले. "मावशी, तू मला आधी का नाही सांगितलंस?" सोदाम म्हणाली. एवढ्या वर्षांत तिने पहिल्यांदाच 'तू' म्हटले होते. योंगसिमने पिंजाऱ्याच्या हातातली फीत घेतली आणि मुलीच्या खांद्यापासून टाचेपर्यंत माप धरले.

माझे रेशीम उसवले गेले. मी यंत्रात शिरले आणि विरघळले. गाठी सुटल्या. मासे, कापसाचे शेत, मेणाचे दात, माळावरचे दार, सगळे एकमेकांत मिसळून पांढऱ्या धुक्यासारखे हवेत तरंगले आणि दोन बाजूंना हळूहळू खाली बसले. मला वाटले होते, कापले जाणे म्हणजे संपणे असेल. पण दोन्ही बाजूंना मीच होते. यांतली खरी कोणती, हे मला विचारू नका.

निघण्याच्या दिवशी सोदाम मला मांडीवर घेऊन बसमध्ये बसली. त्याच वेळी मी योंगसिमच्या काखेत होते आणि बस वळेपर्यंत तिच्याबरोबर फलाटावर उभी होते. आता ग्वांगजूला मी पाचव्या मजल्यावर झोपते. तेथे रात्री रस्त्यावरचे दिवे भिंतीवरून पाण्यासारखे वाहतात आणि सोदाम थकून माझ्याखाली शिरते, तेव्हा तिच्या बोटांना प्लॅस्टरचा वास येतो.

मित्रांनो, एक विनंती करते. तुमच्या घरी माझ्यासारखे कोणी जुने आणि जड असेल, तर त्याला ऊन दाखवा, पिंजून घ्या, टाकू नका. आणि तुमच्या घरात वाढलेले मूल जगात निघाले, मग ते कोणाच्याही पोटचे असो, तर त्याला फक्त चांगली शिदोरी देऊन निरोप देऊ नका. त्याची झोपायची जागाही शाबूत ठेवा. पायांवर उभे राहू पाहणाऱ्याला परतीची जमीन जास्तच लागते.

त्या दिवशी योंगसिम मला घेऊन बसस्थानकावरून घरी आली, तेव्हा सोदामच्या खोलीचे दार उघडे होते. खोली रिकामी झाली आणि जमीन गरम आहे, एवढाच हिशेब करून दोंगसिकने तेथे लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पाय ठेवायला जागा नव्हती. तो मध्ये उकिडवा बसून त्या सारख्या करत होता आणि शिंकत होता.

योंगसिम उंबऱ्यात थांबली. तिने मला हातातून खाली ठेवले नाही. दोंगसिकने आधी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, मग माझी लांबी डोळ्यांनी मोजली. तो उठला. ओट्यावर चटई अंथरून त्याने मिरच्या सुपासुपाने बाहेर नेल्या. योंगसिमने ओल्या फडक्याने जमीन पुसली, ती सुकेपर्यंत वाट पाहिली आणि खिडकीच्या बाजूला मला अंथरले.