डोहातले मासे वर का आले

सूर्य उगवायच्या आधीच डोहाचा काठ माणसांनी भरून जाई. धामणगाव बढे गावाकडून जीपा यायच्या. कुणाच्या खांद्यावर पोर, कुणाच्या हातात कणकेच्या गोळ्यांचं ताट. खडकावर भगव्या छत्रीखाली जलयोगी महाराज बसलेले. ते हात उंचावून खर्जात म्हणत, "आओ देवता, वर या!" आणि खरोखरच काळ्या पाण्यातून माशांची तोंडं वर येत. उघडझाप, उघडझाप.

"नाम घेऊन राह्यले, नाम!" महाराज सांगत. "सूर्यनारायण डोक्यावर आला का पाताळात परत. ड्यूटीचे पक्के हायत!"

बायका हात जोडत, गोळ्या पाण्यात पडत. कुणाचा गुडघा बरा झाला होता, कुणाच्या सुनेला दिवस गेले होते. ज्यांचं काहीच झालं नव्हतं, ते पुन्हा आले होते.

या देवांनी पहिला घास हिरावला तो तानुबाईचा. नवरा गेल्यापासून ती याच डोहात जाळं टाकून, मासे बाजारात विकून पोट भरत होती. महाराजांनी फर्मान काढलं, देवाला जाळं लावायचं नाही. सरपंच रंगरावांनी तिचं जाळं काढून नेलं. तिनं ते नेऊ दिलं. "देव असतीन त म्या कसे इकावे?" म्हणाली आणि दुसऱ्याच्या शेतात तण निंदायला गेली.

महामाया मॅडम गावचीच लेक. चिखलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. सुट्टीत आईकडे आल्या, पहाटे डोहावर गेल्या आणि त्या तोंडांकडे पाहून त्यांचा चेहराच उतरला.

"रंगरावकाका, हे नाम नाही. मासे गुदमरून राह्यले."

"पाण्यातला मासा गुदमरते? काही बी बोलते काय बाई!"

दुसऱ्या पहाटे त्या बादली आणि लोटा घेऊन आल्या. डोहाचंच पाणी भरलं, वर आलेला एक मासा अलगद त्यात सोडला. तिथंही तो वर येऊन तोंड वासू लागला.

"महाराज, याले खाली जायले सांगा."

महाराजांनी मंत्र म्हटला. फुंकर मारली. मासा वरच. मग मॅडम लोट्यानं पाणी उंच उचलून पुन्हा बादलीत ओतू लागल्या. ओततच राहिल्या. हात भरून आला तेव्हा कुठं मासा वळला आणि शांतपणे तळाशी गेला.

"म्या कोणता मंत्र म्हटला? पाणी आपटलं, हवा मिसळली, त्याले श्वास भेटला. बस." त्यांनी नदीकडे बोट केलं. "डोंगरात आपली नदी अरुंद. दगडावर आपटत येते, तिथं दगडाले धरून राहणारे मासे. खाली आली का पसरते, मंदावते, वळणावर डोह करते, तिथं खोल पाण्यातले मासे. जशी नदी, तसा जीव. मांगच्या साली जेसीबी लावून तुम्ही तिची सरळ नाली केली. दगड उपसले, झाडं तोडली. पाणी घोटाभर राह्यलं, तापलं. सारे मासे जीव घेऊन या एका डोहात आले. रात्री शेवाळ अन् तुमची सडलेली कणिक पाण्यातली हवा खाते, म्हून पहाटे हे वर येतात. ऊन पडलं का शेवाळच हवा सोडते, म्हून खाली जातात. हात जोडते, कणिक टाकू नका. वरच्या धारेत दगड परत टाका."

दोघी-तिघींनी ताट मागं घेतलं. वाटलं, पटलं.

महाराज हसले. "बादलीत मासा असते, माय. डोहात देव."

लोकही हसले. गोळ्या पुन्हा पडू लागल्या. नदीच्या त्या खोलीकरणाचं उद्घाटन रंगरावांच्याच हातचं. ते पाठ फिरवून चालते झाले.

मग आभाळ आलं. ऊन पडेना, वारा हलेना. एका सकाळी डोह पांढरा दिसला. सगळे मासे पोट वर करून तरंगत होते. कडेच्या चिखलात तेवढे मरळ जातीचे मासे जिवंत वळवळत होते.

"हे पाहा, पुण्यवान वाचले!" महाराज ओरडले. "बाईनं देवाले बादलीत कोंडलं, म्हून कोप झाला!"

"मरळ वरची हवा घेते, महाराज," तानुबाई म्हणाली. "ते चिखलातबी जगते."

तिचं कुणी ऐकलं नाही. कुणीतरी मॅडमच्या आईच्या दारावर दगड मारला. महाराज त्याच आठवड्यात दुसऱ्या गावाला गेले. तिथंही म्हणे एक डोह आहे. ग्रामसभेत मॅडमनी नदीत दगड टाकायचा विषय मांडला. ठराव झाला तो काठावर मत्स्यदेवाचं मंदिर बांधण्याचा.

तानुबाई वीटभट्टीवर निघाली, तेव्हा मॅडम फाट्यापर्यंत सोबत गेल्या.

"मासे परत येतीन काय वं?"

"नदीले नदीवानी राहू देलं, त येतीन."

"कोण राहू देईन?"

मॅडमनी तिचं गाठोडं उचलून जीपमध्ये ठेवलं. मी एवढंच सांगतो: डोळ्यांपुढं नवल घडलं की आधी कारण विचारा, आणि वेळेवर विचारा. उशिरा कळलेलं कारण खरं असतं, पण ते मेलेल्या जिवाच्या काही कामाचं नसतं.