नगाऱ्याचे वीस हात

वहीच्या पानावर दोन उभ्या रेषा मारल्या. तीन खाने झाले. हात कितवा. नगारा कामी आला का. का.

अमरावतीहून अकोल्याला जाणारी सकाळची एसटी. माझ्या मांडीवर सॅक, सॅकवर पत्ते. शेजारी बाबा, त्यांच्या मांडीवर आईनं कुंदनदादासाठी दिलेला डबा.

अकोल्यात आज या पत्त्यांची स्पर्धा आहे. अकरा वाजता आपल्या चाळीस पत्त्यांची यादी लिहून द्यायची. एकदा दिली की बदलता येत नाही. माझे एकोणचाळीस पक्के आहेत. चाळिसावा कोणता, ते अडलं आहे. नगारा की पाणक्या?

पाणक्या साधा पत्ता आहे, कोणत्याही पाकिटात निघतो. तो टाकला की आणखी दोन पत्ते उचलायचे, बस्.

नगारा सोनेरी कडेचा. त्यावर लिहिलंय : मैदानावर तुझे योद्धे समोरच्यापेक्षा जास्त असतील, तर सगळ्यांचं बळ दुप्पट. नोकरीसाठी अकोल्याला जाताना दादानं तो मला दिला. म्हणाला, "वर्षे, हा कधी काढू नको." हा खेळ मला त्यानंच शिकवला. आज तोही खेळतोय. मी त्याला आजवर एकदाही हरवलेलं नाही. आज हरवायचं आहे. नंबर येवो न येवो.

पद्धत : सहा पत्ते पिसून घ्यायचे, सातवा मुद्दाम नगारा ठेवायचा. डाव मनातल्या मनात खेळायचा. असं वीस वेळा.

हात १. कामी आला. चार योद्धे लवकर उतरले, नगारा वाजला, समोरचा साफ.

हात २. नाही. योद्धा एकच. नगारा हातात पडून.

हात ३. आला.

हात ४. पत्ते वाऱ्यानं बाबांच्या पायाशी. पुन्हा वाटले. आला.

हात ५ ते ८. बडनेरा मागे पडलं. दोनदा हो, दोनदा नाही.

हात ९. पलीकडच्या सीटवरची बाई बराच वेळ बघत होती. "भविष्य पाहून रायली काय वं पोरी?"

"नाही मावशी, खेळ आहे."

"माह्या सुनेचं पाय ना जरा. घरात टिकते का नाही ते सांग."

बाबा म्हणाले, "ते नगाऱ्यावर हाय. वाजला तं टिकते."

बाई हसली. हात ९ : नाही.

हात १० ते १२. हो, हो, नाही.

"किती झालं?" बाबांनी विचारलं.

"बारापैकी सात."

"हे सात धुऱ्यावरचे का आतले?"

मला कळलं नाही.

बाबा संत्र्याचे बगीचे पाहतात. फळ झाडावर असतानाच व्यापारी बगीचा घेतो. त्याआधी बाबा आत फिरून येतात आणि किती माल निघेल ते सांगतात. उत्तमरावांचा आकडा म्हटलं की अंजनगावापर्यंत कोणी दुसऱ्याला विचारत नाही.

"नवा माणूस धुऱ्यावरची, बांधाकडची झाडं पायते अन् फसते," ते म्हणाले. "धुऱ्यावर ऊन मोकळं. तिथं कोणतंही झाड लदबदते. त्यात झाडाचं काय? मंधात जाऊन पाहा लागते, जिथं सावली हाय. तुह्या सात वेळा हा नगारा नसता, तं तू हारली असती काय?"

मी वहीत पुन्हा वर गेले.

हात १, पुन्हा. चार योद्धे आधीच उतरले होते. पाणक्या असता तरी जिंकले असते. धुरा.

हात ३. धुरा.

हात ४. धुरा.

पुढचे तीन, धुरा, धुरा, धुरा.

हात ११. इथे खरंच नगाऱ्यानं वाचवलं. आतलं झाड.

बारापैकी एक.

हात १३ ते १९. मूर्तिजापूर, बोरगाव मंजू. सातही वेळा मुद्दाम मी हरतेय असा डाव धरून बघितलं. नगारा एकदाही वाजला नाही. हरताना आपले योद्धे कमीच असतात.

"दादाले वाईट वाटन," मी म्हटलं.

"कावून? पत्ता तुले देल्ला ना त्यानं? मंग तुहा झाला."

हात २०. वाटायचा राहिला. अकोला आलं.

यादीत चाळिसावा पाणक्या लिहिला. नगारा सॅकच्या आतल्या कप्प्यात ठेवला.

चिठ्ठ्या निघाल्या. पहिल्याच फेरीत समोर दादा.

"जेवली का वं? नगारा आणला ना?"

"खेळ ना तू."

तो खेळला. पण नेहमीसारखा नाही. हातातल्या पत्त्यांत उजव्या टोकाला दोन पत्ते त्यानं सुरुवातीला लावले ते हललेच नाहीत. दर चालीला अंगठा तिथे जायचा आणि परत यायचा. माझे तीन योद्धे झाले तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं. चार झाले तेव्हा खुर्चीत सरसावून बसला. त्याला एक योद्धा कमी पडत होता. ते दोन पत्ते नसते, तर त्यांच्या जागी तो केव्हाच आला असता. मी पाणक्या टाकला, दोन पत्ते उचलले. त्यात पाचवा योद्धा होता.

"आता वाजव," दादा म्हणाला.

"काय?"

"नगारा, अजून काय!"

"तो सॅकमधी हाय. यादीतच नाही."

दादानं ते दोन पत्ते टेबलावर उताणे टाकले आणि डाव सोडला. दोन्ही बहिरा पहारेकरी. समोरच्यानं वाद्य वाजवलं तर ते रद्द करायचं, एरवी हा पत्ता काहीच करत नाही.

"असे तीन भरले होते तुह्यासाठी," तो म्हणाला. "चाळिसात तीन! अन् तू मी देल्लेला पत्ता काढून टाकला?"

"बाबांनी हिशेब करून देल्ला."

"बाबा, तुमी कोणाचे?"

बाबा डबा उघडत होते. "मी आकडा सांगतो बाप्पा, बाजू घेत नाही." मग झाकण हातात धरून थोडे थांबले. "पन हे धरलं नव्हतं मीनं. जे झाड बगीच्यातच नाही, त्याचं फळ कसं मोजावं?"

दादा आधी कुरकुरला, मग हसला, मग माझ्या वाटणीची भाकरीही त्यानंच घेतली. दुसऱ्या फेरीत समोर अकोटचा शेखर. माझ्याकडे नगारा आहे हे त्याला ठाऊक नाही. तिथे नगारा नुसता सॅकमध्ये असून उपयोग नाही.

त्याच्यासमोर बसण्याआधी वही काढली.

हात २०. नगारा हातात आला नाही. कामी आला. का : दादाला तो सगळा वेळ ऐकू येत होता.